पिवळ्या वाटेचा वळसा

ओल्शानूवच्या चौकातून किल्ल्याकडे जाणारी पिवळी वाट मध्येच सरळ रस्ता सोडून दलदलीला वळसा का घालते, याचं खरं उत्तर साऱ्या गावात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस मरेस्तोवर तोंड उघडणार नव्हतं.

त्या माणसाचं नाव लिओकाडिया. वय एकाहत्तर, डावा गुडघा कुरकुरणारा, जीभ मात्र ठणठणीत. गावच्या शाळेत तिने अडतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे पन्नाशीच्या आतलं सगळं गाव तिला बाई म्हणायचं आणि ती समोरून आली की अजूनही नकळत शर्टाची बटणं लावायचं. शाळेच्या जोडीला तिने एक बिनपगारी काम अंगावर घेतलं होतं. रानातल्या वाटांच्या खुणा रंगवायचं. दर शंभर-दीडशे पावलांवर एखादं ठसठशीत झाड निवडायचं, साल थोडी खरवडायची आणि वर तीन आडवे पट्टे ओढायचे. पांढरा, पिवळा, पांढरा.

बाहेरगावचे लोक पाठीवर पिशव्या अडकवून यायचे, पट्टे बघत बघत किल्ल्यापर्यंत चालायचे आणि तिथे आपापल्या वहीत शिक्का मारून घ्यायचे. वही शिक्क्यांनी भरली की छातीवर लावायला बिल्ला मिळतो. त्या बिल्ल्यासाठी साठी उलटलेली, चांगली बँकेत साहेब म्हणून निवृत्त झालेली माणसं पोरांसारखी धावतात. आणि पट्ट्यावर त्यांचा विश्वास असा, की विचारू नका. झाडावर पट्टा आहे म्हणजे वाट तिथूनच जाणार. पट्टा चिखलात नेत असेल तर ते चिखलात शिरतील, डास मारतील आणि वर म्हणतील, काय पण निसर्ग आहे!

लिओकाडियाने त्यांना तीस वर्षं चिखलात नेलं होतं.

कारण साधं होतं. सरळ वाट दुसरा पूल ओलांडून ज्या पूर्वेच्या उतारावरून गेली असती, तिथे तीन ओक आणि एक मोठा दगड होता, आणि सप्टेंबरात त्या दगडाभोवती बोरोविक उगवायचे. बोरोविक म्हणजे अळंब्यांमधला राजा. भाजलेल्या पावासारखी तपकिरी टोपी, जाडजूड पांढरा दांडा, आणि वाळवताना असा वास की शेजारीपाजारी खिडक्या उघडून उभे राहतात. ओल्शानूवमधला माणूस एकवेळ आपलं खरं वय सांगेल, नवरा रात्री किती घोरतो तेही सांगेल, पण अळंब्यांची जागा सांगणार नाही. भरलेली टोपली घेऊन कुणी रस्त्याने चाललं, की 'कुठे मिळाल्या?' असं विचारायची पद्धत आहे, आणि 'रानात' असं उत्तर द्यायची पद्धत आहे. पुढे दोघंही हसतात आणि मनातल्या मनात एकमेकांना शिव्या देतात.

लिओकाडियाला ती जागा आईने दाखवली होती, आणि तीही पाय चालेनासे झाले तेव्हा. हातगाडीवर बसून आली होती म्हातारी. आईला तिच्या आईने दाखवली होती. आता पुढे कुणाला दाखवायची, हा प्रश्न लिओकाडियाला अलीकडे फार छळायचा. मूलबाळ नव्हतं. नवरा होता तोवर त्यालाही सांगितलं नव्हतं, कारण तो दोन पेले चढवले की भाबडा व्हायचा. गुडघा दुखला की तिला वाटायचं, आपण गेलो की ती जागाही गेली. याचं तिला खरोखर वाईट वाटायचं. घर पुतण्याला जाणार होतं, त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं.

तर वाटेला वळसा घातला तीस वर्षांपूर्वी. त्यानंतर आठ वर्षांनी सातवीच्या वर्गात एका मुलीने हात वर केला.

"बाई, किल्ला समोर दिसतो, तरी पिवळी वाट दलदलीतून का जाते?"

कोर्नेलिया नाव त्या मुलीचं. दोन वेण्या, आणि गप्प बसायचं औषध अजून निघालेलं नव्हतं. वर्गातली तीस डोकी लिओकाडियाकडे वळली. तिने खिडकीबाहेर पाहिलं, घसा साफ केला आणि एक दंतकथा जागच्या जागी रचली. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी स्वीडिश फौज गाव लुटून परत चालली होती. त्यांचा एक तरुण नगारची मागे राहिला. रानात भरकटला, मेला आणि तिथेच पुरला गेला. त्याच्या कबरीच्या आसपास जो फिरकतो, त्याला सात रात्री उशीखाली नगारा ऐकू येतो. धड झोप नाही, धड जाग नाही. म्हणून आपल्या शहाण्या पूर्वजांनी ती वाट टाकली.

पोरांचे डोळे बशीएवढे झाले. इथवर ठीक होतं. पण कोर्नेलियाने पुन्हा हात वर केला.

"कबर कशी दिसते बाई?"

आणि इथे बाईंची कल्पनाशक्ती दमली. तास संपत आला होता, पोटात भूक होती. तिने जे डोळ्यांसमोर आलं तेच सांगून टाकलं. "पूर्वेचा उतार. तीन ओक. मध्ये मोठा दगड."

इतकं खोटं बोलली आणि तेवढंच एक खरं बोलून बसली. त्या खऱ्याने बावीस वर्षांनी तिचा गळा धरला.

कारण गोष्ट पोरांना घाबरवण्यासाठी रचली होती, पण पोरं घाबरली नाहीत, पार वेडी झाली. ती मोठी झाली, त्यांना पोरं झाली, त्या पोरांनाही गोष्ट कळली. चौकातला पाववाला मधामसाल्याची नगाऱ्याच्या आकाराची बिस्किटं विकायला लागला. संग्रहालयात कुणीतरी एक फुटका नगारा आणून ठेवला. तो खरं तर अग्निशामक दलाच्या बँडचा होता, पण पाटीवर 'बहुधा' असं लिहिल्यावर काहीही चालतं. आणि कोर्नेलिया मोठी होऊन नगरपालिकेत पर्यटनाची अधिकारी झाली.

ऑगस्टच्या शेवटी ती लिओकाडियाच्या दारात उभी राहिली. हातात बाईंच्या आवडीचा आलुबुखाराचा केक, आणि चेहरा फुललेला.

"बाई, आनंदाची बातमी! नगारचीची वाट होणार!"

"कसली वाट?"

"थेट कबरीपर्यंत. तिथे बाक, माहितीचा फलक आणि शिक्क्याचा खांब. शिक्कासुद्धा करून घेतलाय, हा बघा, नगारा आणि दोन काठ्या. सप्टेंबरातल्या गावच्या जत्रेला उद्घाटन. सकाळी नदीत होड्या, टाऊन हॉलच्या मनोऱ्यावर चढायचं, सायकलवाले येणार, आणि दहा वाजता सगळ्यांनी मिळून कबरीकडे. वाट तुम्ही दाखवायची."

लिओकाडियाच्या हातातली सुरी केकमध्येच थांबली.

"मी?"

"मग कोण? तुमच्याशिवाय ती जागा कुणी पाहिलीये का? माझ्याकडे सातवीतली वही आहे बाई. तीन ओक, मोठा दगड, पूर्वेचा उतार. चित्रसुद्धा काढलंय."

"अगं, इतक्या वर्षांत ओक पडले असतील."

"ओक? पाचशे वर्षं जगतो, तुम्हीच शिकवलंत."

"दगड..."

"दगड पडत नाहीत बाई."

आपण पोरांना फार चांगलं शिकवलं, याचं लिओकाडियाला आयुष्यात पहिल्यांदा वाईट वाटलं.

कोर्नेलिया गेली. लिओकाडिया केकसमोर बसून राहिली. खरं सांगावं, तर बाई बावीस वर्षं अख्ख्या गावाला फसवत होत्या हे चौकात चघळलं जाणार, पाववाला बिस्किटं कुठे घालणार, आणि ही पोर नगरपालिकेत तोंड कसं दाखवणार. जागा दाखवावी, तर आजी-आईपासून राखलेल्या उतारावर बाक येणार, कचऱ्याचा डबा येणार, आणि बिल्लेवाले बूट घालून बोरोविकांवर नाचणार. यातलं एकही तिला करायचं नव्हतं. मग उरलं तिसरं. अडतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला दुसरे तीन ओक आणि दुसरा दगड सापडू नये?

दुसऱ्या दिवसापासून तिने रान पालथं घातलं. तीन ओक सापडायचे तिथे दगड नसायचा, दगड सापडायचा तिथे पाइन असायचे. दहाव्या दिवशी, गुडघ्याने पार संप पुकारला तेव्हा, गिरणीच्या मागच्या उतारावर तिला मोठा दगड दिसला. भोवती ओक. चार होते, पण एवढ्यातेवढ्यावर ती अडणारी नव्हती.

दगडावर टेकली तेव्हा तिच्या नजरेला जमिनीवर काहीतरी खुपलं. शेवाळाचा एक तुकडा आजूबाजूपेक्षा जरा जास्तच नीटनेटका बसला होता. तिने तो अलगद उचलला. खाली गोल खळगा. अळंबी कापलेली नव्हती, पिळून उपटलेली होती. आणि बाजूला पुदिन्याच्या गोळीचा कागद.

"अच्छा!" लिओकाडिया मोठ्याने म्हणाली आणि दगडावर बसल्या बसल्या खुदूखुदू हसायला लागली.

पुदिन्याच्या गोळ्या साऱ्या गावात एकच माणूस सतत चघळायचा. तेओफिल. तिच्या शेजारच्या घरातला, चर्चमध्ये चाळीस वर्षं ऑर्गन वाजवून निवृत्त झालेला, वय चौऱ्याहत्तर. अळंबी सुरीने कापावी की हाताने पिळावी यावरून दोघांचं तीस वर्षं भांडण चाललं होतं. ती कापायची, तो पिळायचा. शरदात दोघंही वाळत घातलेल्या अळंब्यांच्या माळा खिडकीत अशा लावायचे, की समोरच्याला मोजता याव्यात. तेओफिल गळ्यात दुर्बीण अडकवून तिच्या मागावर रानात यायचा आणि पकडला गेला की सुतारपक्षी बघतोय म्हणायचा. दर वर्षी दुसऱ्या पुलापाशी ती त्याला चकवायची. पक्षी कुठला नि काय, दोघांनाही माहीत होतं. इतकं सगळं होऊन दोघं अजून एकमेकांना अहो-जाहोच करत होते.

आता तिच्या मनाला थोडं टोचलं का? टोचलं. एखादं मिनिट. मग तिला गेल्या वर्षीची त्याची माळ आठवली, खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोंबणारी, आणि टोचायचं थांबलं.

जत्रेचा दिवस कोरडा, लखलखीत उजाडला. नदीत होड्या रंगीबेरंगी पानांसारख्या तरंगत होत्या, पोरं वल्ही पाण्यात कमी आणि एकमेकांच्या डोक्यात जास्त मारत होती. दहाच्या ठोक्याला चौकात शंभरेक माणसं जमली. नगराध्यक्ष गळ्यात साखळी घालून, शाळेतली पोरं, सायकलवाले, आणि वह्या उघडून तयार असलेले बिल्लेवाले. कोर्नेलियाने एक जाड लाकडी खांब दोन सायकलवाल्यांच्या खांद्यांवर दिला होता. खांबाचा खालचा अर्धा भाग काळाकुट्ट होता, आणि एवढ्या कोरड्या दिवशी तिच्या पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट होते. लिओकाडियाला वाटलं, पोरगी धांदरट आहे, मिळेल ते घालून आली. मागे, सगळ्यांच्या शेवटी, दुर्बीण घेऊन तेओफिल. कबर म्हणजे बाईंच्या अळंब्यांचीच जागा असा त्याचा कयास होता, आणि आज त्यांना सरळ चालावंच लागणार, मागावर राहायचीही गरज नाही, या विचाराने त्याचा चेहरा मुलगा नवरदेव झाल्यासारखा उजळला होता.

गिरणी आली तोवर तो उजळलेला होता. गिरणीमागे वळल्यावर त्याने तोंडातली गोळी चघळायची थांबवली. उतार चढायला लागल्यावर तो पुढे घुसू लागला. चार ओकांपाशी लिओकाडियाने काठी रोवली तेव्हा तो तिच्या शेजारी होता, आणि त्याचा रंग शिजलेल्या बिटासारखा झाला होता.

"ही ती जागा," लिओकाडिया गंभीरपणे म्हणाली. पोरांनी श्वास रोखला.

"पण बाई, चार ओक आहेत," एक मुलगा म्हणाला.

"चौथा नंतर उगवला."

चौथा सगळ्यांत जाड होता, पण बाईंच्या पुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. सायकलवाल्यांनी खांब खाली टेकवला. नेमका त्या नीटनेटक्या शेवाळावर.

"थांबा!" तेओफिल ओरडला. "हे... हे शक्य नाही!"

"का शक्य नाही, तेओफिल?" लिओकाडियाने साखरेत घोळलेल्या आवाजात विचारलं. "तुमचं इकडे येणंजाणं असतं वाटतं?"

शंभर डोकी त्याच्याकडे वळली. त्यातली निदान साठ अळंब्या गोळा करणाऱ्यांची होती, आणि ती एकदम सावध झाली.

"माझं? छे! जन्मात पहिल्यांदा बघतोय ही जागा."

"मग?"

"मग... मग असं की..." त्याची नजर भिरभिरली, आणि अचानक त्याचे डोळे लकाकले. लिओकाडियाला ती लकाकी अजिबात आवडली नाही. "माझे आजोबा सांगायचे. त्यांनी कबर पाहिली होती. ती इथे नव्हतीच!"

लिओकाडियाचा आ वासला. तुमच्या आजोबांनी कशी पाहिली, ती तर मी बावीस वर्षांपूर्वी भुकेल्या पोटी रचली, असं ओरडावंसं वाटत होतं. ओरडता कसं येणार?

"खरंच?" कोर्नेलियाने वही काढली. "कुठे म्हणायचे आजोबा?"

"दुसऱ्या पुलाच्या पलीकडे," तेओफिल एकेक शब्द चाखत म्हणाला. "वर. पूर्वेच्या उतारावर."

त्याला नक्की ठाऊक नव्हतं. तीस वर्षं तो दुसऱ्या पुलापाशीच चकत आला होता, त्यापुढे त्याने अंधारात दगड भिरकावला होता. पण तो लिओकाडियाचा चेहरा बघत होता, आणि चेहऱ्याने दगा दिला. वर्गात एवढी वर्षं एक भुवई हलू न देणाऱ्या बाईंचे ओठ पांढरे पडले.

"चला तर!" नगराध्यक्ष म्हणाले. खांब पुन्हा खांद्यांवर चढला, आणि अख्खी वरात पुलाकडे निघाली.

लिओकाडिया गुडघा विसरून तेओफिलच्या बरोबरीने धावू लागली.

"तेओफिल, थांबा जरा."

"कसा थांबू? आजोबांचा शब्द आहे."

"तुमचे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. रानात कधी पाऊल टाकलं होतं का त्यांनी?"

"तेवढ्यासाठीच आले होते एकदा."

"लोकांच्या पोरांसमोर खोटं बोलताना लाज नाही वाटत?"

"आणि तुम्हाला?" तो आवाज खाली आणून म्हणाला. "मी त्या दगडापाशी बेचाळीस वर्षं जातोय बाई. नगारा सोडा, साधी शिटी नाही वाजली उशीखाली. मेल्यासारखा झोपतो."

पुढे पोरं 'नगारा, नगारा' ओरडत होती. पहिला पूल मागे पडला. ओळीत सर्वांत पुढे कोर्नेलिया, रबरी बूट फटाफट वाजवत, आणि एकदाही मागे वळून न बघता. लिओकाडियाला आईचा हात आठवला, हातगाडीच्या कडेला घट्ट धरलेला. "कुणाला सांगू नकोस हं," एवढंच म्हणाली होती म्हातारी. तिचे डोळे भरून आले, आणि ते तेओफिलला दिसले. त्याचा बिटाचा रंग जरा उतरला.

"फार आहेत का तिथे?" त्याने हळूच विचारलं.

"आईची जागा आहे हो ती."

तेओफिलने खिशात हात घातला, पुदिन्याची गोळी काढली आणि तिच्यापुढे धरली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"माझ्या थोरल्या भावाची होती गिरणीमागची," तो म्हणाला. "मग? आता काय करायचं? ही माणसं कबर पाहिल्याशिवाय घरी जायची नाहीत."

दुसरा पूल समोर दिसत होता. डाव्या हाताला खाली दलदल पसरली होती, हिरवी, ओली आणि डासांनी गच्च भरलेली. दोघांनी एकदमच तिकडे पाहिलं.

"मी चौथा ओक विसरते," लिओकाडिया म्हणाली.

"मी आजोबांना विसरतो," तेओफिल म्हणाला. "बोल, लिओकाडिया, बोल! तुझंच काम आहे ते." आणि आपण अगंतुगं केलं हे त्याला बोलून झाल्यावर कळलं.

लिओकाडिया पुलाच्या कठड्यापाशी एका खुंटावर चढली. टाळी वाजवली. शंभर माणसं निमूट थांबली, नगराध्यक्षांनी साखळी सरळ केली.

"नीट ऐका. परंपरा दोन आहेत. एक म्हणते गिरणीमागे, एक म्हणते पुलापलीकडे. दोन्ही खऱ्या आहेत. गिरणीमागे त्याला शेवटचं पाहिलं. पुलापलीकडून नगारा शेवटचा ऐकू आला. आता भूगोल काय सांगतो? या दोन ठिकाणांना जोडणारी रेघ काढली तर ती कशातून जाते?"

"दलदलीतून!" पोरं ओरडली.

"म्हणजे बिचारा कुठे बुडाला?"

"दलदलीत!"

"आणि दलदलीत बुडालेल्याची कबर असते का?"

"नाही!"

"आजोबाही शेवटी शेवटी असंच काहीतरी म्हणायचे," तेओफिलने डोळे पुसत साक्ष दिली.

"पण वहीत तीन ओक..." नगराध्यक्षांनी चाचरत विचारलं.

"ते त्याच्या आठवणीसाठी लावलेले," लिओकाडिया म्हणाली. "त्याच्या आईने. स्वीडनमध्ये."

नगराध्यक्षांना हे फार हृदयस्पर्शी वाटलं. कोर्नेलियाने मान खाली घातली आणि खांदे हलवत वहीत भराभरा काहीतरी लिहिलं. मग तिने एक क्षणही न घालवता हाताने खूण केली, सायकलवाले खांब घेऊन दलदलीत उतरले आणि ती स्वतः बूट घालून पुढे झाली. खांब काळ्या टोकाने चिखलात रुतला, अगदी त्यासाठीच घडवल्यासारखा. बिल्लेवाले रांग लावून घोट्यापर्यंत बुडाले. डासांनी त्यांच्यावर मेजवानी मांडली. इतक्यात कुणाच्या तरी पायाखालून हवेचा मोठा बुडबुडा वर आला आणि 'गुडुप' असा आवाज झाला.

"नगारा!" पोरं किंचाळली.

"काय पण जागा आहे!" बँकेतून निवृत्त झालेला एक साहेब भारावून म्हणाला आणि त्याने वहीत शिक्का मारून घेतला. पिवळी वाट तशीही तिथूनच जात होती. नवा एकसुद्धा पट्टा रंगवावा लागला नाही.

दुपारी लिओकाडिया चौकातल्या बाकावर पाय पसरून बसली होती. शेजारच्या बाकावर तेओफिल, तोंडात गोळी. पाववाल्यापुढे रांग. कोर्नेलिया तीन बिस्किटं घेऊन आली. एक तिने तेओफिलला दिलं, एक बाईंना, आणि बाईंच्या शेजारी टेकली.

"कोर्नेलिया," लिओकाडिया बिस्किट न खाता म्हणाली, "त्या खांबाला खाली डांबर का लावलं होतंस?"

"ओल्यात कुजू नये म्हणून."

"उतारावर ओल कुठली?"

कोर्नेलियाने बिस्किटाचा कोपरा मोडला.

"नगराध्यक्ष म्हणत होते, विद्यापीठातून शोधपथक बोलावू. वहीतल्या वर्णनावरून रान पिंजून काढू, जागा सापडेलच. म्हटलं, कशाला एवढी धावपळ? बाई दाखवतील ना." ती हळू आवाजात म्हणाली. "दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं तर खरी जागा सापडली असती. तुम्ही कुठेही न्याल पण तिथे नेणार नाही, याची मला खात्री होती. दलदलीतच येऊन थांबाल असं वाटलं, म्हणून बूट घातले."

लिओकाडियाने तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"तुला जागा माहीत आहे."

"तुम्हीच सांगितलीत की वर्गात. पुढच्याच रविवारी गेले होते, कबर शोधायला. कबर नव्हती. पण बाकी सगळं होतं. तेव्हाच कळलं वाट वाकडी का आहे."

"आणि तेव्हापासून..."

"दर वर्षी दोनच, बाई. नाताळच्या सूपापुरते. सुरीने कापून. वर शेवाळ झाकून. तुम्ही झाकता तसं."

"बावीस वर्षं!" लिओकाडिया कडाडली. "चव्वेचाळीस! माझे चव्वेचाळीस बोरोविक!"

"त्रेचाळीस. एक किडका निघाला."

लिओकाडियाला राग आला होता, खराखुरा, कानशिलं तापवणारा. तो तसाच राहावा म्हणून ती थोडा वेळ झटलीसुद्धा. पण त्याच्याखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. बावीस वर्षं ही वटवट करणारी पोर, जिला वर्गात पाच मिनिटं गप्प बसवता आलं नाही, ती एक अक्षर बोलली नव्हती. गावात नाही, नवऱ्याजवळ नाही, खुद्द बाईंजवळही नाही. आणि आपण रात्र रात्र गुडघा चोळत पडलो होतो, की कुणीच नाही म्हणून. लिओकाडियाने रुमाल काढून नाक शिंकरलं. बिस्किट दोन घासांत संपवलं.

"उद्या सकाळी पाच वाजता," ती म्हणाली. "आणि ती लहान टोपली आणू नकोस. मोठी आण."

कोर्नेलियाचे डोळे एकदम ओले झाले. शेजारच्या बाकावर चघळण्याचा आवाज थांबला होता. तेओफिलची मान कारंज्याकडे होती, पण कान पुरता इकडे वळला होता, आणि हात हळूच दुर्बिणीकडे चालला होता.

"कुठे येऊ, बाई?" कोर्नेलियाने विचारलं.

लिओकाडियाने तेओफिलकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं आणि काठी टेकत उठली.

"रानात," ती म्हणाली.